अ‍ॅल्युमिनियमचे एजिंग आणि चिमूटभर घातलेले धातू: भट्टीवर नव्याने येणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत उष्णोपचाराच्या कामावर रुजू होणाऱ्याच्या हातात पहिल्याच दिवशी दोन कागद येतात. एक मालाचे रासायनिक प्रमाणपत्र, दुसरा भट्टीचा तक्ता. पहिल्यावर तांबे ०.२५, क्रोमियम ०.१०, लोखंड ०.३० टक्के असे आकडे असतात. दुसऱ्यावर ५३० अंश, पाणी, मग १७५ अंशांवर ८ तास. पहिल्या कागदावरचे हे बारीक आकडे दुसऱ्या कागदावरच्या तासांशी आणि शेवटी हार्डनेसच्या आकड्याशी कसे जोडलेले आहेत, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. सोबत एक छोटा प्रयोगही दिला आहे. पाच किलोचे तीन ओतीव करून तो कोणत्याही लहान फाउंड्रीत किंवा पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. प्रमाणपत्र सांगते, धातू किती आहे. हार्डनेस ठरतो तो धातू त्या घटकेला कुठे आहे यावर. पुढची प्रत्येक पायरी म्हणजे याच प्रश्नाची उकल आहे.

एजिंगमध्ये आत काय घडते

मॅग्नेशियम, सिलिकॉन, तांबे, जस्त हे धातू ५०० अंशांच्या वर अ‍ॅल्युमिनियममध्ये बऱ्याच प्रमाणात विरघळतात, थंडीत फार थोडे. तांब्याचेच पाहा: ५४८ अंशांना वजनाने ५.६५ टक्के विरघळते, सामान्य तापमानाला जवळजवळ नाहीच. गरम तुकडा एकदम पाण्यात बुडवला (यालाच क्वेंच म्हणतात) की विरघळलेल्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ते धातूच्या अणूंच्या नियमित रचनेत, म्हणजे जाळीत, अडकून राहतात. नंतर हलकी ऊब दिली, म्हणजे एजिंग केले, की ते एकत्र येऊन अतिशय बारीक घन कण, म्हणजे अवक्षेप, बनवतात. या अवक्षेपांमुळे धातूच्या आतली घसरण अडते आणि धातू कठीण होतो.

अणूंबरोबर आणखी एक गोष्ट पाण्यात अडकते, आणि नवशिक्यांच्या लक्षातून नेमकी तीच निसटते: जाळीतल्या रिकाम्या जागा. ५३० अंशांच्या आसपास दर दहा हजार अणूंमागे साधारण एक जागा रिकामी असते. थंड धातूत इतक्या जागा स्वाभाविकपणे कधीच नसतात. अणूला सरकायचे तर शेजारी रिकामी जागा हवी. म्हणून क्वेंचनंतरचे पहिले काही तास धातू आतून विलक्षण चपळ असतो. घातलेला धातू या रिकाम्या जागा धरून ठेवतो की मोकळ्या सोडतो, यावर पुढचे अर्धे गणित अवलंबून असते.

अवक्षेप एकदम अंतिम रूपात येत नाहीत. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूत आधी अणूंचे झुबके, मग सुईसारखा बीटा-डबल-प्राइम, मग जाडसर बीटा-प्राइम आणि शेवटी स्थिर मॅग्नेशियम सिलिसाइड, असा क्रम आहे. सर्वाधिक ताकद सुयांच्या टप्प्यावर मिळते. पुढे गेलो तर कण मोठे आणि विरळ होतात, धातू मऊ पडतो. तांब्याच्या मिश्रधातूत गिनिए-प्रेस्टन झोन, थीटा-डबल-प्राइम, थीटा-प्राइम आणि थीटा असा क्रम. या झोनना ज्या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत, त्यांनी १९३८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ते स्वतंत्रपणे ओळखले. मुळात एजिंगचा शोध लागला तोच घातलेल्या धातूमुळे. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या मिश्रधातूत तांब्याबरोबर अर्धा टक्का मॅग्नेशियम होते. क्वेंच केलेला तुकडा नुसता पडून राहिला आणि दोन दिवसांत आपोआप कठीण झाला.

घातलेला धातू कुठे कुठे जाऊ शकतो

चार जागा लक्षात ठेवा. पहिली, रिकाम्या जागेला बिलगून: कथील हे याचे उत्तम उदाहरण. दुसरी, अवक्षेपाच्या आत किंवा त्याच्या कडेवर: मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या कुटुंबात तांबे हेच करते, तांब्याच्या कुटुंबात चांदी. तिसरी, ओतताना किंवा होमोजनायझिंगच्या (ओतीव बराच वेळ तापवून आतली रचना एकसारखी करण्याच्या) वेळीच वेगळ्या कणात अडकलेला: लोखंड, मँगनीज, क्रोमियम, झिर्कोनियम. चौथी, नुसता विरघळलेला आणि निष्क्रिय. एकच धातू वेगवेगळ्या तापमानाला वेगवेगळ्या जागी असू शकतो. म्हणूनच तीच रासायनिक रचना असलेले दोन तुकडे वेगवेगळा हार्डनेस देतात.

पायरी १: उपलब्ध सिलिकॉनचा हिशेब

सहा हजार मालिकेच्या (६०६१, ६०६३, ६०८२ अशा मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूंच्या) मालाचे प्रमाणपत्र हातात आले की हा हिशेब आधी करा. मॅग्नेशियम सिलिसाइडमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे वजनी गुणोत्तर १.७३ असते. पण प्रमाणपत्रातले सगळे सिलिकॉन या कामाला मिळत नाही. लोखंड, मँगनीज आणि क्रोमियम त्यातला काही वाटा आपल्या कणांत अडकवतात. व्यवहारात या तिघांच्या बेरजेचा चौथा हिस्सा सिलिकॉनमधून वजा करतात.

आपल्या प्रयोगाचा मूळ माल घ्या: मॅग्नेशियम ०.७०, सिलिकॉन ०.५७, लोखंड ०.१८. लोखंडापोटी ०.०४५ गेले, उरले ०.५२५. मॅग्नेशियमला लागणार ०.७० भागिले १.७३, म्हणजे ०.४०५. मॅग्नेशियम सिलिसाइड झाले १.१ टक्के आणि वर ०.१२ टक्के सिलिकॉन शिल्लक. हे शिल्लक सिलिकॉन कामाचे आहे, त्याने सुया अधिक बारीक आणि दाट पडतात. आता याच मालात भंगारातून लोखंड ०.६० पर्यंत चढले असे धरा. वजावट ०.१५ होते, शिल्लक उरते जेमतेम ०.०१५. कागदावर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन तेच, भट्टी तीच, पण ताकद कमी. दोष भट्टीवर ढकलण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

पायरी २: तीन ओतीव

तीन चार्ज तयार करा, प्रत्येकी ५ किलो.

अ हा मूळ माल: ९९.७ टक्के शुद्धतेचे अ‍ॅल्युमिनियम ४८३७ ग्रॅम, २० टक्के सिलिकॉनचा मास्टर अलॉय (घालायचा घटक आधीच मिसळून ठेवलेला मिश्रधातू) १२५ ग्रॅम, मॅग्नेशियम ३८ ग्रॅम. मॅग्नेशियमची खरी गरज ३५ ग्रॅम आहे, वरचे ३ ग्रॅम जळून जाणारे. सिलिकॉनचा उरलेला थोडा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या लादीतूनच येतो, म्हणून लादीचे प्रमाणपत्र आधी पाहा.

ब मध्ये तांबे ०.३ टक्के: निम्मे तांबे असलेला मास्टर अलॉय ३० ग्रॅम, तेवढे अ‍ॅल्युमिनियम कमी.

क मध्ये कथील वजनाने सुमारे ०.०१८ टक्के, म्हणजे ०.९ ग्रॅम. हो, एक ग्रॅमही नाही. अणूंच्या हिशेबात दहा लाखांमागे साधारण चाळीस. सोनाराच्या काट्यावर मोजा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून घाला. ‘थोडे जास्त पडले तर काय बिघडते’ म्हणून पाच ग्रॅम घालू नका. जादा कथील मॅग्नेशियमला पकडून बसते किंवा धान्यांच्या, म्हणजे धातूतल्या स्फटिकांच्या, सीमांवर वितळत्या थराच्या रूपात राहते, आणि माल गरम असतानाच चिरतो. जुन्या प्रयोगांमध्ये कथिलाच्या जागी कॅडमियमही दिसेल. त्याला हात लावू नका. ते ७६७ अंशांनाच उकळते आणि त्याची वाफ जीवघेणी आहे.

आधी अ‍ॅल्युमिनियम वितळवा, ७४० अंशांना सिलिकॉनचा मास्टर अलॉय, मग तांबे किंवा कथील. त्यानंतर ग्रॅफाइटच्या नळीने कोरडा आर्गॉन दहा मिनिटे सोडा. बुडबुडे शांत हवेत, पृष्ठभाग उकळता कामा नये. तापमान ७२० वर आणून मॅग्नेशियम पत्र्यात गुंडाळून तळाशी दाबा, आणखी दोन-तीन मिनिटे आर्गॉन द्या. शेवटी पाच टक्के टायटॅनियम आणि एक टक्का बोरॉनच्या ग्रेन रिफायनर (धान्ये बारीक करणाऱ्या) सळईचा ७ ते ८ ग्रॅमचा तुकडा टाका, ढवळा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा ढवळून ओता. रिफायनरचे कण जड असतात, उशीर केला तर तळाशी बसतात. लोखंडी पळी आणि ढवळणी यांना लेप लावलेला असला पाहिजे. नाहीतर पायरी १ मध्ये वजा केलेले लोखंड तुम्हीच पुन्हा घालाल.

गोव्यात या पायरीचा खरा वैरी जून ते सप्टेंबरची हवा आहे. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन ओढून घेते. द्रव धातूत मावणारा हायड्रोजन घन धातूपेक्षा सुमारे वीसपट असतो, म्हणून गोठताना तो छिद्रांच्या रूपात बाहेर पडतो. छिद्रांवर हार्डनेसचा ठसा पडला की आकडा खोटा येतो आणि दोष बिचाऱ्या तांब्याच्या नावावर जातो. लाद्या, मास्टर अलॉय, पळी, साचा, सगळे २०० अंशांना किमान तासभर तापवा. ओलसर लादी वितळलेल्या धातूत टाकणे ही नुसती गुणवत्तेची चूक नाही: पाण्याची वाफ स्फोटासारखी फुटून धातू अंगावर येतो. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेली लादी हाताला कोरडी लागली तरी ओली समजा.

पायरी ३: होमोजनायझिंग

ओतीव धातूत घातलेले मूलद्रव्य सगळीकडे सारखे नसते. शेवटी गोठलेल्या भागात ते साचते. ब मध्ये अशा साचलेल्या तांब्याचा भाग ५१० ते ५२५ अंशांच्या आसपासच वितळू शकतो. म्हणून तापवताना घाई नको: ४८० पर्यंत नेहमीप्रमाणे, तिथून ५६० पर्यंत ताशी ५० अंशांनी, मग ५६० ला ६ तास. तिन्ही ओतीवांना हेच. घाई केली तर धान्यांच्या सीमांवर वितळून गोठलेल्या रेषा राहतात आणि त्या पुढच्या कोणत्याही उपचाराने जात नाहीत.

पायरी ४: सोल्यूशनायझिंग आणि क्वेंच

सोल्यूशनायझिंग म्हणजे घातलेले धातू विरघळेपर्यंत तुकडा तापवणे. १५ × १५ × १० मिलिमीटरचे तुकडे कापा. वेळेचे दहा टप्पे, दोन वाटा (दोन्ही पायरी ५ मध्ये दिल्या आहेत), तीन माल, म्हणजे साठ तुकडे. प्रत्येकावर अक्षर आणि क्रमांक ठोका. मार्कर पेनची शाई भट्टीत उडून जाते.

नेहमीच्या ६०६१ ला ५३० अंश पुरतात, पण इथे कथील पूर्ण विरघळायला हवे म्हणून तिन्ही मालांना ५५० अंश आणि १ तास द्या. वेळ मोजायला सुरुवात तुकडा तापल्यावर करा, भट्टीचा आकडा आल्यावर नको. एका फालतू तुकड्याला भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) त्यात घाला आणि तो बाकीच्यांच्या मध्ये ठेवा.

भट्टीच्या दारातून पाण्यात जायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. विमान उद्योगात २.३ मिलिमीटरपेक्षा जाड मालाला १५ सेकंदांपर्यंत मुभा असते, ०.४ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला फक्त ५. पाणी सुरुवातीला ३८ अंशांच्या खाली असावे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या टाकीचे पाणी दुपारी बरेच तापलेले असते आणि चार-पाच खेपांनंतर ते ही मर्यादा सहज ओलांडते. टाकीत थर्मामीटर कायम लटकता ठेवा.

इथेच क्रोमियम आणि मँगनीजचा हिशेब समोर येतो. हे दोन्ही होमोजनायझिंगच्या वेळी बारीक कण बनवतात. हे कण मूळ धान्यांची वाढ रोखतात, ते चांगलेच. पण क्वेंच संथ झाला तर मॅग्नेशियम आणि सिलिकॉनला बसायला हेच कण तयार पाट मांडून देतात. तिथे बसलेले मॅग्नेशियम सिलिसाइड जाड असते आणि ताकदीला निरुपयोगी. म्हणून खिडक्यांच्या चौकटींचा ६०६३, ज्यात हे धातू नगण्य असतात, एक्स्ट्रूजन प्रेसमधून बाहेर पडताना पंख्याच्या हवेवरही जमतो. पण मँगनीज ०.४ ते १.० टक्के असलेल्या ६०८२ च्या जाड सेक्शनला पाणीच लागते. प्रेसवर दोन्ही माल आलटून पालटून चालत असतील आणि पंखे-फवारे तसेच राहिले, तर ६०८२ चा अख्खा लॉट मऊ निघतो. एजिंगची वेळ वाढवून तो सुधारत नाही, कारण विरघळलेला माल हातातून निसटलेला असतो. पुन्हा सोल्यूशनायझिंग हाच उपाय.

पायरी ५: दोन वाटा

प्रत्येक मालाचे निम्मे तुकडे क्वेंचनंतर दहा मिनिटांच्या आत १८० अंशांच्या भट्टीत टाका. उरलेले निम्मे सात दिवस खोलीत ठेवा आणि मग त्याच १८० अंशांत. काढण्याच्या वेळा: शून्य, १५ मिनिटे, ३० मिनिटे, १, २, ४, ८, १६, २४ आणि ४८ तास. भट्टीत फरक तीन अंशांपेक्षा जास्त नको. वीज गेली तर वेळ पुसून लिहू नका, तो तुकडा बाद करा.

सात दिवस कशासाठी? कारण कारखान्यात हे आपोआप घडते. शनिवारी संध्याकाळी क्वेंच, सोमवारी एजिंग. गोव्यात चवथीच्या सुट्टीत तर क्वेंच केलेला माल आठवडाभर रॅकवर पडून राहू शकतो. त्या काळात धातू शांत बसलेला नसतो. अडकलेल्या रिकाम्या जागांच्या मदतीने मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे झुबके तयार होत असतात. हे झुबके नंतर सुया होत नाहीत, १८० अंशांना लगेच विरघळतही नाहीत, आणि सुयांसाठी लागणारे अणू अडवून बसतात. मॅग्नेशियम सिलिसाइड साधारण एक टक्क्याच्या वर असलेल्या मालात, म्हणजे ६०६१ आणि ६०८२ मध्ये, हा तोटा होतो. ६०६३ सारख्या हलक्या मालात उलट थोडा फायदाच दिसतो. प्रोफाइलच्या धंद्यातली ‘एक दिवस ठेवला की बरे’ ही समजूत तिथली आहे आणि तिथे ती खरी आहे. ती उचलून ६०८२ ला लावली की नुकसान. शिवाय परदेशी पुस्तकांतले आकडे २० अंशांच्या खोलीचे असतात. आपल्या ३० अंशांच्या खोलीत झुबके त्याहून लवकर बनतात. खोलीचे तापमान रोज टिपून ठेवा.

पायरी ६: मोजणे आणि वाचणे

ब्रिनेल यंत्रात २.५ मिलिमीटरचा गोळा आणि ६२.५ किलोचा भार वापरा. पृष्ठभाग ६०० नंबरच्या कागदापर्यंत घासलेला हवा. प्रत्येक तुकड्यावर चार ठसे, दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर, कडेपासून अडीचपट. हार्डनेस ९० च्या आसपास असेल तर ठसा साधारण ०.९२ मिलिमीटर येतो, त्यामुळे चारही आरामात बसतात. आलेख काढताना वेळेचा अक्ष लॉग प्रमाणात घ्या, नाहीतर पहिला तास एका रेघेत चिरडून जातो. तुलनेसाठी: ६०६१ टी-६ (क्वेंचनंतर भट्टीत एज केलेला) चा पुस्तकी ब्रिनेल ९५ आहे, टी-४ (क्वेंचनंतर खोलीतच एज झालेला) चा ६५, पूर्ण मऊ मालाचा ३०.

अ चे दोन आलेख पाहा. सात दिवस पडलेला तुकडा शून्य तासाला अधिक कठीण दिसेल, कारण झुबक्यांनीही थोडी ताकद येते. पण पुढे तो संथ चढतो आणि त्याचे शिखर खाली राहते. शून्य तासाचा आकडा पाहून खूश झालेला नवशिका इथेच फसतो.

ब मध्ये शिखर वर सरकते आणि दोन वाटांमधली दरी कमी होते. तांबे अवक्षेपांत शिरते, त्यांच्या कडांवर बसते, आणि बीटा-डबल-प्राइमच्या जोडीला क्यू कुटुंबातले अधिक बारीक आणि दाट अवक्षेप येतात. ते लवकर जाड होत नाहीत, म्हणून शिखरानंतरची उतरणही मंद असते. ४८ तासांच्या तुकड्यात हे सर्वात स्पष्ट दिसते.

क मध्ये गंमत वेगळी आहे. कथिलाचे अणू रिकाम्या जागांना घट्ट धरतात. त्यामुळे खोलीत ठेवलेल्या तुकड्याचा हार्डनेस सुरुवातीचे दिवस फारसा हलतच नाही, आणि सात दिवसांनंतरही १८० अंशांचा आलेख ताज्या तुकड्याच्या जवळपास राहतो. तापमान वाढले की कथील पकड सोडते आणि रिकाम्या जागा नेमक्या हव्या तेव्हा मोकळ्या होतात. पण याच कारणाने क ला १५० अंशांवर एजिंग केले तर ते कंटाळवाणे संथ होते, कारण तिथे पकड पुरती सुटलेली नसते. क आणि अ मध्ये काहीच फरक दिसला नाही, तर बहुतेक वेळा कथील विरघळलेलेच नसते. आधी सोल्यूशनायझिंगचे खरे तापमान तपासा. कथील वजनात चुकले का, हा दुसरा प्रश्न.

आलेख मिळाला की विद्युतवाहकता मोजण्याची सवयही लावून घ्या. एडी करंटचे छोटे यंत्र पुरते. ६०६१ टी-४ ला साधारण ४० टक्के आयएसीएस (प्रमाण तांब्याच्या वाहकतेच्या तुलनेत), टी-६ ला ४३, मऊ मालाला ४७. अणू जाळीत विखुरलेले असतील तर वीज अडते, अवक्षेपांत गोळा झाले की वाट मोकळी होते. हार्डनेस कमी आणि वाहकताही कमी: एजिंग अपुरे. हार्डनेस कमी पण वाहकता जास्त: एक तर एजिंग शिखर ओलांडून गेले, नाहीतर क्वेंच संथ होता. नुसता हार्डनेस या दोन्ही तुकड्यांना एकसारखाच मऊ म्हणतो.

दुसऱ्या कुटुंबांतले तेच धातू

एका कुटुंबातला अनुभव दुसऱ्यात जसाच्या तसा चालत नाही. कथीलच घ्या. अ‍ॅल्युमिनियम-तांबे मिश्रधातूत ते खोलीच्या तापमानातले झोन रोखते, पण २०० अंशांच्या आसपास थीटा-प्राइमला जन्म घ्यायला जागा देते, त्यामुळे त्याच्या थाळ्या (थाळीसारखे चपटे अवक्षेप) खूप बारीक आणि दाट पडतात. तिथे ताकद स्पष्टपणे वाढते. त्याच तांब्याच्या कुटुंबात थोडे मॅग्नेशियम आणि चांदी एकत्र घातली की ओमेगा नावाच्या थाळ्या येतात. त्या वेगळ्या प्रतलावर बसतात आणि २०० अंशांच्या जवळपासही सहजी जाड होत नाहीत. लिथियमबरोबर टी-वन थाळ्या येतात. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बाहेरच्या टाकीची १९९८ पासूनची हलकी आवृत्ती २१९५ या मिश्रधातूची होती. त्यात तांबे, लिथियम आणि सोबत थोडी चांदी व मॅग्नेशियम, असा हाच संच आहे.

२०२४ या तांबे-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर काम करायचे असेल तर दोन गोष्टी. सोल्यूशनायझिंग ४९३ च्या आसपास आणि वर मोकळीक फार थोडी, कारण सुमारे ५०२ ला सीमांवर वितळणे सुरू होते. आणि मॅग्नेशियममुळे हा माल क्वेंचनंतर अर्ध्या तासात कठीण व्हायला लागतो. विमानांचे २०२४ चे रिव्हेट म्हणूनच ठोकेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवतात. मासळीसाठी वापरतात तसला उणे १८ अंशांचा चेस्ट फ्रीजर लहान कार्यशाळेला पुरतो.

जस्त-मॅग्नेशियमच्या कुटुंबात ७०७५ हा मुख्य. तिथे तांबे १.२ ते २.० टक्के असते. ते एटा-प्राइम अवक्षेपांत शिरते, ताकद वाढवते, आणि माल मुद्दाम जास्त एज केला की खाऱ्या हवेतल्या तणाव-गंज तड्यांपासून बरेच संरक्षण देते. टी-६ म्हणजे १२० अंशांवर २४ तास. समुद्राजवळच्या वापराला टी-७३ मागा: आधी १०७ अंशांवर ६ ते ८ तास, मग १६३ अंशांवर २४ ते ३० तास. ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते, पण वास्कोच्या धक्क्यावर तडा गेलेल्या टी-६ पेक्षा उभा असलेला टी-७३ बरा. ७०७५ मध्ये क्रोमियम आहे, म्हणून जाड ठोकळ्यांचा गाभा संथ क्वेंचमुळे मऊ राहतो. ७०५० मध्ये क्रोमियमच्या जागी झिर्कोनियम, ०.०८ ते ०.१५ टक्के, घातले ते याच कारणाने. झिर्कोनियमचे बारीक कण जाळीशी जुळलेले असतात, त्यामुळे ते जस्त-मॅग्नेशियमला सहज बसायला जागा देत नाहीत. मात्र झिर्कोनियम टायटॅनियम-बोरॉनच्या ग्रेन रिफायनरला निकामी करते. दोन्ही एकत्र वापरताना धान्ये भरड आली तर कारण इथे शोधा.

स्कँडियम या सगळ्यांपासून वेगळे आहे. ०.१ ते ०.३ टक्के घातले की ३०० अंशांच्या आसपास त्याचे स्वतःचे अवक्षेप येतात, जे बाकीच्यांना केव्हाच जाड करणाऱ्या तापमानाला टिकतात. जोडीला झिर्कोनियम असेल तर ते त्या कणांवर कवच चढवते. किमतीमुळे रोजच्या कामात ते दिसणार नाही.

किनाऱ्यावर तांबे किती

प्रयोगातला ब जिंकला म्हणून प्रत्येक मालात तांबे मागू नका. मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या कुटुंबात तांबे धान्यांच्या सीमांवर पातळ थर धरते आणि मीठ असलेल्या हवेत गंज सीमांवरून आत शिरतो. पणजी किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावरच्या रेलिंगला तांबे ०.१० टक्क्यांपर्यंत मर्यादित असलेला ६०८२ किंवा ६०६३ योग्य. ६०६१ मध्ये ते ०.१५ ते ०.४० असते. आत, कोरड्यात चालणाऱ्या यंत्राच्या भागाला तो खुशाल वापरा.

मांडवीतल्या होड्यांचा ५०८३ पत्रा भट्टीत पाठवू नका, एजिंगने तो कठीण होत नाही. तरीही अवक्षेप त्याला सोडत नाहीत. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर असल्याने इंजिनाच्या खोलीजवळचा पत्रा वर्षानुवर्षे ६५ अंशांच्या वर राहिला, तर सीमांवर मॅग्नेशियमचा अवक्षेप माळेसारखा जमतो आणि खारे पाणी तोच आधी खाते. अशा जागी मॅग्नेशियम तीन टक्क्यांखालचा ५४५४ निवडतात.

हमखास होणारे घोटाळे

सगळेच तुकडे मऊ: आधी थर्मोकपल दुसऱ्या थर्मोकपलशी ताडून पाहा. दहा अंशांची चूक सोल्यूशनायझिंगमध्ये कमी दिसते, १८० अंशांच्या एजिंगमध्ये वेळेचे गणित जवळजवळ दुप्पट बिघडवते.

एकाच तुकड्यावर आकडे सात-आठने इकडेतिकडे: छिद्रे. तुकडा कापून, घासून भिंगाखाली पाहा. दोष वितळवण्यात आहे, एजिंगमध्ये नाही.

पृष्ठभागावर फोड: दमट हवेत सोल्यूशनायझिंग केले की पृष्ठभागावरून हायड्रोजन आत जातो. पावसाळ्यात क्वेंचच्या टाकीची वाफ भट्टीत जाऊ देऊ नका, ओले तुकडे आणि ओल्या टोपल्या आत टाकू नका, आणि माल भरण्याआधी भट्टी रिकामी तापवून कोरडी करा.

पाण्यातून काढल्यावर पांढरे-काळे डाग: किनाऱ्याजवळच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असते. क्वेंचच्या टाकीला पालिकेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा आणि तुकडे लगेच पुसा.

कडा बरोबर, गाभा मऊ: क्वेंच. टोपलीत तुकडे एकमेकांना चिकटून पडले असतील तर मधल्यांना पाणी पोचतच नाही. बोटाएवढी फट ठेवा आणि टोपली बुडवल्यावर दहा सेकंद हलवत राहा.